सुटले कसे, हे कुणाला विचारायचं?

२०२५ च्या जुलैत मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. सोमवारी, २१ जुलैला, उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत खालच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्या सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, ३१ जुलैला, एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, विशेष न्यायालयाने मालेगावच्या २००८ च्या स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत १८० हून जास्त माणसं गेली होती. मालेगावच्या भिक्कू चौकात, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, सहा गेली. दोन्ही प्रकरणांत माणसं पकडली ती महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने. आणि दोन्हीकडे इतक्या वर्षांनी न्यायालय म्हणालं ते एकच: सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आलेला नाही.

निकाल एकाच जातीचे, पण त्यांवरच्या प्रतिक्रिया मात्र आरशात पाहिल्यासारख्या उलट. लोकल स्फोटांच्या निकालावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धक्का बसल्याचं सांगितलं आणि राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात धावलं. मालेगावच्या निकालावर त्याच मुख्यमंत्र्यांनी, दहशतवाद भगवा कधी नव्हता आणि कधी नसेल, असं जाहीर केलं. त्या निकालाविरुद्ध अपील घेऊन उच्च न्यायालयाची पायरी चढले ते मृतांचे नातेवाईक. हे झालं सत्ताधाऱ्यांचं. दुसऱ्या बाजूची मंडळीही काही वेगळी वागली नाहीत. सोमवारी ज्यांनी न्यायालयाच्या निर्भीडपणाचे गोडवे गायले, त्यांनी पुढच्या गुरुवारी निकाल ‘मॅनेज’ झाल्याची शंका घेतली. आरोपीचं नाव वाचायचं आणि मग न्यायालयाबद्दलचं आपलं मत ठरवायचं, ही रीत आपल्याकडे आता इतकी अंगवळणी पडली आहे की, निकालपत्र उघडून बघायची कुणाला गरजच वाटत नाही.

लोकल स्फोटांच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी विरार लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे ज्या वर्गाच्या डब्यांत २००६ साली बॉम्ब ठेवले गेले त्याच वर्गात, एक वाक्य चार-पाच तोंडांतून ऐकलं: ‘मग बॉम्ब काय आपोआप फुटले?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. माटुंगा रोडला, खारला, जोगेश्वरीला, मीरा रोडला ज्यांची माणसं डब्याच्या पत्र्यासकट फाटली, त्यांना तो विचारायचा पूर्ण अधिकार आहे. माझी तक्रार आहे ती पत्त्याबद्दल. हा प्रश्न आपण न्यायाधीशाच्या दारात नेऊन टाकतो, आणि ज्याने त्याचं उत्तर द्यायला हवं तो शांतपणे बढती घेऊन निवृत्त होतो.

उच्च न्यायालयाचं निकालपत्र ६७१ पानांचं आहे. सगळं वाचायला कुणाला सवड नसते, हे मान्य. पण त्यातले टॅक्सीवाले तरी पाहावेत. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की, काही आरोपी टॅक्सीने चर्चगेटला गेले आणि त्या टॅक्सीवाल्यांनी त्यांना ओळखलं. हे टॅक्सीवाले पोलिसांकडे आले स्फोटांनंतर शंभराहून जास्त दिवसांनी. चर्चगेट स्टेशनवर उतरलेला एक गिऱ्हाईक, त्याच्याशी भांडण नाही, भाड्यावरून वाद नाही, चेहरा लक्षात राहावा असं काहीही नाही, आणि तो तीन महिन्यांवर काळ लोटल्यावर नेमका आठवतो. पुढे चार वर्षांनी न्यायालयात बोट दाखवून पुन्हा आठवतो. न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी विचारलं की हे आठवण्याचं कारण काय, तर कारण सापडलं नाही. ज्याने आयुष्यात कधी शेअर टॅक्सी केली असेल, त्याने सहा महिन्यांपूर्वीच्या ड्रायव्हरचा चेहरा आठवून बघावा. इथे तर उलट आहे. ड्रायव्हरने गिऱ्हाईक आठवायचा आहे, आणि त्या आठवणीवर माणसाला फासावर चढवायचं आहे.

मग ओळख परेड. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि साक्षीदाराने त्याला निवडायचं. यात पोलिसांनी लांब राहायचं असतं, म्हणून ती दंडाधिकारी किंवा विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घ्यायची. या खटल्यात ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने ती घेतली, त्याला ती घ्यायचा अधिकारच त्या वेळी उरलेला नव्हता, असं न्यायालयाला आढळलं. देशातल्या सर्वांत मोठ्या दहशतवादी गुन्ह्यांपैकी एकाचा तपास, आणि परेड घेणाऱ्याच्या नेमणुकीचा कागद कुणी तपासला नाही! तालुक्याच्या ठाण्यातला मुरलेला हवालदारसुद्धा ही चूक करणार नाही.

कबुलीजबाबांचं तर विचारू नका. मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात, पोलीस उपायुक्तांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो; साध्या खटल्यात चालत नाही. म्हणून इथे कबुलीजबाबांवर सगळी इमारत उभी होती. न्यायालयाने ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी तेच ते मजकूर निघाले. शिवाय मारहाण करून ते लिहून घेतल्याचा आरोपींचा दावाही न्यायालयाला फेटाळता आला नाही. आणि शेवटी तो मुद्देमाल. आरडीएक्स, कुकर, सर्किट, सोल्डरिंग गन, नकाशे. यादी वाचली की अंगावर काटा येतो. पण स्फोटांत नेमक्या कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला गेला, हेच सरकारी पक्षाने कधी सिद्ध केलं नाही. मग घरात सापडलेला कुकर आणि डब्यात फुटलेला बॉम्ब यांचा सांधा जोडायचा कशाने?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘तांत्रिक मुद्द्यांवर सुटले.’ हा शब्दप्रयोग चॅनेलवर इतक्या वेळा घासला गेला आहे की त्याचा अर्थ पाहायची गरज वाटेनाशी झाली. जप्त केलेल्या पुडीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेचं सील लावतात, ते शोभेसाठी लावत नाहीत. पुडी जप्त झाली तेव्हापासून प्रयोगशाळेत उघडेपर्यंत ती तीच पुडी आहे, मधे कुणी काही घातलं-काढलं नाही, याची दुसरी कोणतीही खात्री जगात नाही. सील नीट नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल शंभर टक्के खरा असूनही तो कुठल्या तरी पुडीबद्दल खरा आहे, आरोपीच्या घरातल्या पुडीबद्दल नव्हे. फौजदारी खटल्यात ज्याला आपण तांत्रिक म्हणतो तोच बहुतेक वेळा मूळ मुद्दा असतो. आपल्या भावावर, मुलावर उद्या खोटी केस पडली तर आपला वकील पहिलं बोट ठेवणार ते त्याच लाखेवर.

मालेगावचं निकालपत्रही याच चालीवर जातं. तीनशेवर साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून जास्त फितूर झाले. बॉम्ब मोटारसायकलमध्ये होता, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. स्फोट झाला हे सिद्ध झालं, पण तो त्या मोटारसायकलमध्येच झाला हे नाही, असं विशेष न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी म्हटलं. यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावण्याची मंजुरीच सदोष निघाली. काही साक्षीदारांनी दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबांच्या मूळ प्रती मधल्या काळात गहाळ झाल्या होत्या. सरकारकडून खटला चालवणाऱ्या विशेष वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्येच उघड सांगितलं होतं की, आरोपींबाबत सौम्य धोरण घ्यावं असा निरोप आपल्याला तपास यंत्रणेकडून आला. म्हणजे निकालाच्या दहा वर्षं आधी, भर वर्तमानपत्रात, आजारपणाचं निदान छापून आलं होतं. तेव्हा किती जण रस्त्यावर उतरले? नुसत्या संशयाला पुराव्याची जागा घेता येत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं, आणि त्यांच्यासमोर जे कागद ठेवले गेले त्यांवरून दुसरं काही लिहिता आलं असतं असं मला वाटत नाही. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार भरपाई द्यायचा आदेशही त्यांनी दिला. सतरा वर्षांनी.

दोन्ही निकाल वरच्या न्यायालयांत टिकतील की नाही, ते तिथे ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ ला लोकल स्फोटांचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडलं नाही. माझा मुद्दा टिकण्या-न टिकण्याचा नाहीच. निर्दोष सुटकेचा निकाल आरोपीबद्दल जितकं बोलतो, त्याच्या दसपट तपासाबद्दल बोलतो, आणि तोच भाग आपण वाचत नाही.

आता कुणी म्हणेल, लोकांनी चिडायचंच नाही का? चिडायला हवं. जेसिका लाल खून खटला आठवा. एप्रिल १९९९ मध्ये दिल्लीतल्या एका पार्टीत, बड्या घरच्या मुलाला दारू नाकारली म्हणून तिला गोळी घातली गेली. आजूबाजूला शहरातली नामांकित माणसं होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नऊही आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते, गोळ्या दोन पिस्तुलांतल्या असल्याचा घोळ पुढे आणला गेला होता. लोक इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी धरून जन्मठेप दिली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मेणबत्तीने न्याय मिळतो, असा धडा अनेकांनी यातून घेतला. मला तो अर्धवट वाटतो. त्या खटल्यात पुरावा होता आणि खालच्या न्यायालयाने तो नीट जोखला नाही, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं; नवा पुरावा मेणबत्तीने पैदा केला नव्हता. शिवाय त्या वेळच्या रागाचा रोख साक्षीदार कुणी फिरवले आणि पोलिसांनी काय लपवलं याकडे होता. राग योग्य पत्त्यावर गेला, म्हणून कामाला आला.

लोकभावना स्वतः न्यायासनावर बसली की काय होतं, तेही मुंबईने पाहिलं आहे. १९५९ मध्ये नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांत हजर झाले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. गणवेशातला देखणा अधिकारी, विश्वासघात झालेला नवरा. शहर त्यांच्या बाजूचं होतं, एका साप्ताहिकाने तर त्यांच्या बाजूने मोहीमच उघडली होती. त्या सुटकेवर कुणी ‘मग खून काय आपोआप झाला?’ असं विचारलं नाही. सत्र न्यायाधीशांनी मात्र हा कौल मानायला नकार दिला, प्रकरण उच्च न्यायालयात पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट निराळी. सुटका आवडली की न्याय आणि नावडली की अन्याय, हे दुखणं समाजमाध्यमांनी आणलेलं नाही एवढं तरी यावरून कळतं.

यापेक्षा जास्त बोचते ती शांतता. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयात दोन खून खटल्यांचे निकाल जवळजवळ एकाच आठवड्यात लागले. कोपर्डीच्या मुलीवरचा बलात्कार आणि खून. त्यात १८ नोव्हेंबरला तिघे दोषी ठरले आणि २९ ला त्यांना फाशी सुनावली गेली. या प्रकरणाने लाखोंचे मूक मोर्चे निघाले होते, आणि तो राग न्याय्य होता. मधल्या २३ नोव्हेंबरला शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या खटल्याचा निकाल लागला. सतरा वर्षांचा दलित शाळकरी मुलगा, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून २०१४ साली भरदिवसा शाळेतून मारत नेऊन संपवला. आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्यांत शाळेतली माणसंही होती. दलित संघटना ओरडल्या, सरकारने अपिलाची घोषणा केली. बाकी महाराष्ट्राने पान उलटलं.

खर्ड्यातल्या साक्षीदारांना शिव्या घालणं सोपं आहे. सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दिवस बसून पाहावं. साक्षीदाराच्या हाती समन्स आलेलं असतं. गावातून पहिल्या एसटीने तो आलेला असतो, मजुरीचा दिवस बुडालेला असतो. बसायला एकच बाक, त्याच्या दुसऱ्या टोकाला आरोपीचा चुलता आणि दोन मेहुणे. कुणी धमकी देत नाही. नुसतं ‘काय रे, कधी आलास? रानात पाणी सोडलंस का?’ असं विचारतात, आणि पोटात गोळा येतो. त्याच्या विहिरीची वाट त्यांच्या बांधावरून जाते. त्यांच्या घरच्या माणसाच्या सहीशिवाय सोसायटीचं कर्ज मिळत नाही. दुपारी पुकारा होतो, आत गेल्यावर कळतं की आरोपीच्या वकिलाने पुढची तारीख घेतली आहे. असं तीनदा-चारदा होतं. ज्या घटनेला तीन-चार वर्षं झाली, ज्याचा जबाब पोलिसाने आपल्या भाषेत लिहून घेतला आणि याने न वाचता अंगठा किंवा सही केली, त्याबद्दल आता भर न्यायालयात, त्या मेहुण्यांकडे न बघता, बोलायचं. ‘मला काही माहीत नाही, साहेब’ हे पाच शब्द त्याला संध्याकाळच्या एसटीने सुखरूप घरी नेतात. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभरासाठी योजना मंजूर केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही त्याचं कलम आहे. आरोपीच्या नातेवाइकांपासून वेगळं बसायला एक खोली, इतकी साधी गोष्टही त्या योजनेत आहे. आपापल्या तालुक्याच्या कोर्टात ती खोली आहे का, हे एखाद्या मोर्चाने मागितल्याचं मला आठवत नाही.

उलट दिशेचं एक प्रकरण याच राज्यातलं आहे आणि ते घराघरांत माहीत असायला हवं होतं. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. तेव्हा कुणी निकालावर नाराज असल्याचं ऐकिवात नाही. असल्या क्रूर गुन्ह्याला असलीच शिक्षा हवी, हेच सगळ्यांचं मत असणार. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल फिरवला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघे या सहांपैकी नव्हतेच. पोलिसांनी त्या चौघांचा पाठपुरावा केला नाही आणि ती गोष्ट खटल्यात दाबून ठेवली. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली, त्यातली कितीतरी फाशीच्या सावलीत. प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायचा आदेश न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला दिला.

खरे दरोडेखोर तेव्हा कुठे होते? हा प्रश्न २००३ मध्येच विचारायला हवा होता, आणि सहा जणांना पकडल्यामुळेच तो विचारला गेला नाही. ‘शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा होता कामा नये’ हे सुभाषित वकीलमंडळी फार झोकात ऐकवतात. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना ते मीठ चोळल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. मुळात ते मांडलंच चुकीचं जातं. एका निरपराधाला आत टाकलं की एक गुन्हेगार हमखास बाहेर राहतो. दोन पर्याय नसतातच. लोकल स्फोटांच्या निकालाच्या सुरुवातीलाच उच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे: गुन्हा उकलल्याचा देखावा उभा केला की लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळा फिरत राहतो. मृतांच्या बाजूने बोललेलं इतकं रोखठोक वाक्य त्या दिवशीच्या एकाही संतप्त भाषणात नव्हतं.

देखावा उभा राहतो तो पत्रकार परिषदेत. सप्टेंबर २००६ च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी लोकल स्फोटांचा गुन्हा उकलल्याचं जाहीर केलं. स्फोट होऊन तीन महिनेही झाले नव्हते, आरोपपत्र अजून दाखल व्हायचं होतं. तुमच्या-माझ्यासाठी निकाल लागला तो त्या दिवशी. पुढची एकोणीस वर्षं न्यायालय काय करतंय, याकडे आपलं लक्ष नव्हतं. म्हणून २०२५ मध्ये जे झालं ते आभाळातून पडल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे, त्या पत्रकार परिषदेच्या आठवडाभर आधी, २२ सप्टेंबर २००६ ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले होते. त्यात एक आदेश तपासाचं काम आणि बंदोबस्ताचं काम वेगळं करण्याचा होता. गणपतीत दहा दिवस बंदोबस्त, मग निवडणूक, मग मंत्र्यांचा दौरा, आणि उरलेल्या वेळात खुनाचा तपास, अशी आपल्याकडच्या फौजदाराची अवस्था अजूनही आहे. त्या आदेशाला एकोणीस वर्षं होऊन गेली आणि कुठल्याही पक्षाच्या सरकारला त्याची घाई झाली नाही.

सुटकेनंतर काय व्हायला हवं, हे मात्र कुणाला नव्याने शोधायची गरज नाही. जानेवारी २०१४ मध्ये गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर सहा वर्षांच्या मुलीच्या खुनाचं प्रकरण होतं. तपासातल्या त्रुटींमुळे आरोपीला सोडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. न्यायमूर्तींनी आरोपीला सोडलं आणि तिथेच थांबले नाहीत. प्रत्येक राज्याच्या गृह खात्याने प्रत्येक निर्दोष सुटकेचा निकाल तपासावा, खटला का पडला याची कारणं लिहावीत, चूक प्रामाणिक होती की जाणूनबुजून केली ते ठरवावं, जबाबदार अधिकारी आणि सरकारी वकील निश्चित करून त्यांच्यावर खात्यामार्फत कारवाई करावी, आणि या चुका पुढच्या प्रशिक्षणात शिकवाव्यात, असे आदेश दिले. सगळ्या राज्यांना. सहा महिन्यांत.

म्हणजे ‘मग मारलं कुणी?’ या प्रश्नाचा अधिकृत पत्ता बारा वर्षांपूर्वीच ठरला आहे: मंत्रालय, गृह विभाग. जुलै २०२५ मध्ये चॅनेलवरच्या चर्चांत न्यायाधीशांच्या हेतूपासून पाकिस्तानपर्यंत सगळं निघालं. किशनभाईचं नाव मी ऐकलेल्या एकाही चर्चेत निघालं नाही. निकालाविरुद्ध अपील करणं सरकारचा हक्क आहे, ते त्याने जरूर करावं. पण अपील हे कारवाईच्या जागी येऊ शकत नाही. ज्याची परेड रद्द ठरली, ज्याच्या पुडीवरचं सील नीट नव्हतं, ज्याच्या ताब्यातून जबाबांच्या मूळ प्रती गेल्या, त्याला साधी नोटीस निघाली का, हे अपील करणाऱ्या सरकारला विधानसभेत उभं राहून एखाद्या आमदाराने विचारायला नको? मुंबईच्या आमदाराने, मालेगावच्या आमदाराने, कुठल्याही झेंड्याखालच्या.

आणि सुटून आलेल्यांचं काय? विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात, चुकीच्या खटल्यांत भरडल्या गेलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असं सुचवलं. कायदा झाला नाही. लोकल स्फोटांतल्या बारा जणांपैकी एक नागपूरच्या तुरुंगात कोविडने २०२१ मध्येच वारला होता. त्याची फाशी उच्च न्यायालयाने रद्द केली ती त्याच्या पश्चात.

आमदाराने नाही विचारलं तर आपल्याला विचारता येतं. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मजकूर तीन ओळींचा: अमुक सत्र खटल्यातल्या निर्दोष सुटकेची किशनभाई निकालानुसार छाननी झाली का, झाली असल्यास समितीच्या निष्कर्षांची प्रत द्यावी, कोणत्या अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई झाली ते कळवावं. जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई ३२. एटीएसचं प्रकरण असेल तर गोपनीयतेचं कलम दाखवून नकार येण्याची शक्यता दाट. खर्ड्यासारख्या साध्या पोलीस ठाण्याच्या तपासाला ती ढाल नाही, तेव्हा सुरुवात तिथून करावी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.